माय गप्प नव्हती

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाला पाच जण बोलले. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली, मग माईक फिरला. एकाने तुला जिल्ह्याची शान म्हटलं. एकाने सांगितलं, ऊसतोड्याची पोर दिल्लीत जाऊन इंग्रजीत बोलली. तुझ्या कॉलेजातले एक सर माजलगावहून आले होते. ते म्हणाले, आजच्या इंग्रजी साहित्यात आपल्या माणसांची ओळख सुजाताताईंनी नेऊन पोचवली. पाचांपैकी एकानेही तुझं पुस्तक वाचलेलं नव्हतं. आणि तुझी आई गेली तीन वर्षं तुझ्याशी बोलत नव्हती, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक असून कुणी बोललं नाही. तुझी आई, माझी गयामावशी, आत चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. तुझे वडील मांडवात होते, पण भावकीच्या बाजूला, पाठ घराकडे करून.

मलाही बोला म्हणाले. मी नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते तुला सांगायचं होतं, आणि तुला सांगायची वेळ मी तीन वर्षं पुढे ढकलत आणली होती.

आपली गाठ पडली ती पाण्याच्या बादलीपायी. अंबाजोगाईच्या वसतिगृहात आपण अकरावीला आलो ते दुष्काळाचं साल होतं. टँकर दिवसाआड यायचा आणि दोघी मुलींत एक बादली मिळायची. जोड्या लावायच्या होत्या. दारावर लावलेल्या यादीत तुझं आडनाव वाचून कुणी तुझी जोडीदारीण व्हायला तयार नव्हतं. लोक नंतर म्हणत, पारू मोठ्या मनाची, धनगराची पोर असून तिच्याबरोबर राहिली. तसं काही नव्हतं, तुला ठाऊकच होतं. माझी एसटी चुकली, मी एक दिवस उशिरा आले, तोवर बाकीच्या जोड्या लागून गेल्या होत्या. तू बादलीशेजारी उभी होतीस आणि म्हणालीस, "तू आधी घे. मला केस धुवायचे न्हाईत." दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस तू केस धुतले नाहीस. नवव्या दिवशी मी बादली तुझ्यापुढे सरकवली तेव्हा तू म्हणालीस, "बघ हं. मंग तुला कमी पडंल." एवढ्यावर आपली मैत्री झाली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुला आमच्या वाड्यावर नेलं. वाडा म्हणजे मेंढरांचा, माळावरचा. माझ्या आईने तुला पाहिलं, "कोणाची हाय?" म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. आईने तांब्या आणला आणि तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. मला पेल्यात दिलं. तू प्यालीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "गार हाय पाणी." परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी तुझ्याकडे बघत राहिले. आपण दोघीही पुढे कधी त्यावर बोललो नाही.

मी मराठी घेतलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. तू इंग्रजी घेतलंस. मी तुला किती वेळा विचारलं, "कावून गं? आपल्या बोलीत काय कमी हाय?" तू दर वेळी वेगळं उत्तर द्यायचीस. एकदा म्हणालीस, मराठीत पहिलं वाक्य बोलले की समोरचा माझं घर हुडकत गावकुसापर्यंत जातो. इंग्रजीत निदान दोन वाक्यं तरी मोकळी मिळतात. संशोधनासाठी तू विषय घेतलास तोही असलाच, आजच्या इंग्रजी साहित्यातले सामाजिक प्रश्न आणि ओळख. गाईडने 'ओळख' शब्दावर खूण केली होती, तेव्हा तू मला फोन करून हसलीस. "पारे, इंग्रजीत तो शब्द म्हणजे मी कोण. आपल्यात वळख म्हणजे मला कोण कोण वळखतं. आता मला गावात सगळेच वळखतात, आणि मी कोण ते कुणालाच ठावं न्हाई. प्रबंध झाला की हा."

पुढे तू माजलगावला तासिकेवर शिकवायला लागलीस. संस्था साखर कारखान्याच्या लोकांची. धरणाचं पाणी असेपर्यंत तिथे ऊस हिरवागार, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावातून तुझी आई कोयता घेऊन परमुलखातल्या उसाच्या फडावर. तू वर्गात लंडनला गेलेल्या काळ्या माणसांच्या कादंबऱ्या शिकवायचीस. एकदा मुलांनी विचारलं, मॅडम, हे लोक आपल्यासारखेच का बोलतात. त्या दिवशी तू लई खूश होतीस.

मग पुस्तक आलं. दिल्लीच्या प्रकाशकाने काढलं. एका ऊसतोड करणाऱ्या बाईची आणि तिच्या मुलीची कादंबरी. माझ्याकडे पहिली प्रत घेऊन तू आमच्या नेकनूरच्या स्टँडवर उतरलीस, आणि मी ती दोन रविवारांत शब्दकोश जवळ घेऊन वाचली. वाचताना मला दोन गोष्टी कळल्या. एक मी तुला सांगितली. दुसरी सांगितली नाही.

सांगितली ती ही, की पुस्तकातली आई बोलत नाही. ती वाकते, ऊस तोडते, मोळी उचलते, रडते, सोसते. मी म्हटलं, "तुझी माय गप्प कवा बसली गं?" तुला राग आला. मग तू खरं सांगितलंस. मूळ लिखाणात एक प्रकरण होतं. फडावर दिवस भरलेल्या एका बाईला मुकादम मोळी उचलायला लावत होता. गयामावशीने ती मोळी नेऊन त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवली, "तूच ने" म्हणाली, आणि त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की टोळीतले गडी पोट धरून हसले. ते प्रकरण संपादकबाईंनी काढलं. सुंदर आहे म्हणाल्या, पण त्याने पुस्तकाचा सूर बिघडतो.

"आणि तू काढू दिलंस?"

"त्यांना गप्प माय कळती, पारे. बोलणारी दिली तर म्हणतात, ही खरी वाटत न्हाई."

त्या दिवशी आपण भांडलो. तू दिल्लीच्या कार्यक्रमाचं सांगितलंस. तिथे तुझ्या शेजारी एक मोठ्या घरचा लेखक होता. त्याला लोकांनी त्याच्या वाक्यांबद्दल विचारलं. तुला तुझ्या जखमांबद्दल. दुष्काळ केवढा होता, जात कशी कळली, आईला किती मारायचे. "माझी वाक्यंपण चांगली हाईत गं," तू म्हणालीस. एवढ्या बारीक आवाजात की मला भांडण पुढे नेता आलं नाही. ते तसंच राहिलं.

आणि मी जे सांगितलं नाही ते हे. पुस्तकात वसतिगृह होतं, बादली होती, मैत्रीण होती. पण माळावरचा वाडा नव्हता, तांब्या नव्हता. माझ्या आईला तू वगळलंस, आणि तुझ्या आईचं झाकलेलंही घातलंस. मला ते वाचताना सुटल्यासारखं झालं. मी तुला धन्यवादही दिले नाहीत, कारण द्यायचे तर आधी त्या पाण्याबद्दल बोलावं लागलं असतं.

गयामावशीचं जे तू घातलंस ते तिने तुला एकटीला सांगितलं होतं, तू एम.ए. झालीस त्या उन्हाळ्यात. आता ते गावभर झालेलं आहे, म्हणून तेवढंच लिहिते. तुझ्या पाठीवर दोन लेकरं झाली आणि फडावरच गेली. घरच्यांना मुलगा हवा होता. पुन्हा लेकरू झालं असतं तर ते सांभाळायला तुला शाळेतून काढून कोपीवर, फडावरच्या झोपडीत, न्यावं लागलं असतं. म्हणून मावशी स्वतः एका खासगी दवाखान्यात गेली आणि तिने गर्भाची पिशवी काढून घेतली. नवऱ्याला सांगितलं, गाठ होती, डॉक्टरने काढायला लावली. वीस वर्षं त्या माणसाने तेच खरं मानलं. ती जन्मभर त्या जागेवरच्या दुखण्यानिशी वाकून ऊस तोडत राहिली.

इंग्रजीत ते निवांत होतं. गावात इंग्रजी कादंबरी वाचणारं कुणी नव्हतं. कारखान्याच्या चेअरमननेसुद्धा तुझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात काय आहे ते त्यांनी वाचलं असतं तर? तू म्हणालीस, "इंग्रजीत हाय म्हणून तर शाल मिळाली."

मला ते खुपत होतं. तुझं लिखाण आपल्या माणसांपर्यंत जात नाही, याचं मला वाईट वाटायचं. आणि खरं सांगते, मलाही काही करून दाखवायचं होतं. मी वर्गात शुद्धलेखन तपासणारी बाई. बीडच्या एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक निघत होता. मी तुझ्या पुस्तकातली चार पानं निवडली, सगळ्यात चांगली लिहिलेली होती म्हणून. तीच, दवाखान्याची पानं. मी ती मराठीत केली. तुझ्या इंग्रजीत मावशी गप्प होती, मी तिला तिची भाषा दिली. "मपल्या लेकराला म्या फडावर न्यायची न्हाई," असं वाक्य मी लिहिलं. मला ते इतकं आवडलं की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. तुला छापील अंक हातात देऊन चकित करायचं होतं.

संपादकाने माझं नाव गाळलं. वर फक्त तुझं नाव आणि तुझा फोटो.

इंग्रजीत तू आईचं नाव बदललं होतंस. पण बोली कशी बदलणार? पहिल्या चार ओळींत वस्तीने गयाबाईला ओळखलं. दूध सोसायटीच्या ओट्यावर कुणीतरी तो अंक मोठ्याने वाचला. तुझे चुलते घरी आले. वंश बुडवला म्हणाले.  तुझ्या वडिलांनी आपली वळकटी उचलली आणि समोरच्या भावाच्या घरी गेले, ते अजून तिथेच आहेत. ज्या सोसायटीसाठी मावशीने दारोदार फिरून बाया जमवल्या होत्या, तिथे ती केटली घेऊन गेली की बायांचं बोलणं थांबायचं. पुढच्या दुष्काळात म्हैस विकावी लागली आणि तिचं तिथे जाणंच संपलं.

तू अंक वाचलास तेव्हा मी समोर होते. अजून गावातून काही कळायचं होतं. तू म्हणालीस, "लई चांगलं झालंय. माय अशीच बोलती." मग पुन्हा वाचलंस आणि अंक मिटून मांडीवर ठेवलास. "पारे, हे गावात गेलं का गं?"

तू लगोलग घरी गेलीस. मावशी तुला एवढंच म्हणाली, "मी तुला एकटीला सांगितलं व्हतं." त्यानंतर नाही बोलली. तुला जेवायला वाढायची, बोलायची नाही. मी तुला म्हटलं, मी येते, मी सांगते माझं काम आहे म्हणून. तू म्हणालीस, "नाव माझं हाय त्याच्यावर. आणि लिव्हलं तर मीच व्हतं. तू फक्त वाचता येईल असं केलंस." मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. तू मला पुन्हा एकदा वगळलंस आणि मी पुन्हा वगळून घेतलं.

अंकानंतरच्या जूनमध्ये कॉलेजने सांगितलं, यंदा तुमच्यासाठी तास नाहीत. चार पानांत कारखान्याचं नाव नव्हतं, पण फड होता, आणि आता ती पानं त्यांना वाचता येत होती. तू वाद घातला नाहीस. माजलगावची खोली सोडलीस, अंबाजोगाईत शिकवण्या धरल्यास. धाप लागायची, जिना चढवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप लहानपणीच्या तापाने खराब झालेली आहे. कुठल्या फडावरचा तो ताप, ते विचारायचं तर मावशीला विचारावं लागलं असतं. तू विचारलं नाहीस. दुसरं पुस्तक का लिहीत नाहीस म्हटलं की म्हणायचीस, "कशात लिहू? एका भाषेत माय मुकी व्हती, दुसऱ्या भाषेत उघडी पडती."

सरकारी दवाखान्यात तू पंधरा दिवस होतीस. शेवटच्या दोन दिवसांत मी मावशीला फोन केला. ती आली. पण वॉर्डात आली नाही, दाराबाहेर फरशीवर बसली. फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून आणलं होतं. पिठल्यात मीठ नव्हतं. तुला मीठ बंद आहे हे तिने कुणाला तरी विचारून घेतलं होतं. "तिला म्हणावं खा," एवढं म्हणून तिने फडकं माझ्या हातात दिलं.

तू दोन घास खाल्लेस. "मायनं केलंय," म्हणालीस. मी म्हटलं, बाहेर बसलीये, बोलावू का? तू दाराकडे बघितलंस. "तिला यावंसं वाटलं तर येईल. वढून आणू नको." दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तू गेलीस. मावशी तेव्हाही दाराबाहेरच होती. नर्स धावत आत गेली तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि उभीच राहिली.

पुण्यानुमोदनानंतर तिसऱ्या दिवशी मावशीचा निरोप आला. मी गेले. ती म्हणाली, "तिचं पुस्तक आण. पेपरातलं नको. तिनं जसं लिव्हलं तसं वाच."

आम्ही तीन दुपारी बसलो. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग आपल्या बोलीत सांगायचे. इंग्रजी वाक्य ती डोळे मिटून ऐकायची. मधेच म्हणायची, "कोपी पाचटाची असती, हिनं ताडपत्री कावून लिव्हली?" किंवा, "एवढी थंडी न्हवती त्या साली." एकदा म्हणाली, "गेलेल्या लेकरांचं बरोबर लिव्हलंय."

तिसऱ्या दुपारी दवाखान्याचं प्रकरण आलं. मी थांबले. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. संपल्यावर ती म्हणाली, "यात मी बोलतच न्हाई. आतापोत्तर किती येळा बोलले, बघ बरं."

मी पानं मागे उलटून बघितलं. चार वेळा. त्यात दोनदा 'खाऊन घे' होतं.

मी तिला मोटारसायकलवरच्या मोळीचं सांगितलं. तू ते लिहिलं होतंस, तिकडच्या बाईंनी काढलं, म्हटलं. तिला हसू आलं, सुजाता. तू गेल्यावर पहिल्यांदा. "तिनं ध्यानात ठिवलं व्हतं का ते?" मग ती म्हणाली, त्या डॉक्टरपुढेही ती गप्प नव्हती. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, नवऱ्याला का आणलं नाही. त्याला ती काय म्हणाली ते तिने मला सांगितलं. दोनच वाक्यं. मी पिशवीतून पेन काढला. ती म्हणाली, "लिव्हू नको. तू ऐकलंस तेवढं बास."

ते मी लिहीत नाही. तुलाही ते ठाऊक नव्हतं. तुझ्या सगळ्या पुस्तकात त्या दोन वाक्यांएवढं काही नाही, आणि ते तुला विचारायला मिळायची वाट मी बंद करून ठेवली.

पेन हातात होता तसा खाली ठेवून मी तिला सांगितलं. म्हटलं, मावशी, ते पेपरातलं सुजाताने नाही दिलं. ते मराठीत मी केलं. मीच दिलं.

तिने विचारलं, "तिला इचारलं व्हतंस?"

"न्हाई."

"मंग तिनं मला कावून सांगितलं न्हाई?"

"माझं नाव येऊ नये म्हणून."

बाहेर टँकर आला होता. बाया घागरी घेऊन पळत होत्या. मावशी जागची हलली नाही.  म्हणाली, "मी त्या दवाखान्याच्या दारात दोन दिस बसून व्हते. तू माझ्या म्होरून दहा येळा आत गेलीस. तवा एवढंच सांगितलं असतंस, तर मी आत गेले असते."

  मी तिचे पाय धरले, ते तिने काढून घेतले, झटकून नाही, हळूच. मग माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. मी म्हटलं, अजून चाळीस पानं राहिलीत, मावशी, उद्या येते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू नको वाचू." आणि पुस्तक घेऊन आत गेली.

सुजाता, तिला ती पानं वाचून दाखवील असं त्या वस्तीवर दुसरं कुणी नाही.